शनिवारचा काटा

आण्णाप्पा मालकांनी स्वतःचं वजन पैसे देऊन उतरवून घेतलं होतं. पुण्याकडच्या एका निसर्गोपचार आश्रमात सव्वा महिना राहून, दुधीचा रस पिऊन आणि पोटावर ओली माती थापून घेऊन ते निपाणीला परतले, तेव्हा त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. खर्च एवढा झाला होता की तेवढ्यात एखाद्यानं मुलीचं लग्न उरकलं असतं. इतकं महागाचं ज्ञान एकट्यानं बाळगून ठेवणं व्यापारी माणसाला पटेना. म्हणून आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी, गुढीपाडव्याच्या दिवशी, वखारीची पूजा झाल्यावर त्यांनी पेढ्यांऐवजी काकडीच्या फोडी वाटल्या आणि जाहीर केलं, की वखारीतल्या ज्या माणसाचं वजन डॉक्टरनं दिलेल्या उंची-वजनाच्या तक्त्यापेक्षा जास्त असेल त्यानं ते उतरवावं. किलोमागं पाच रुपये रोख. दर शनिवारी पगारवाटप संपलं की तंबाखूच्या काट्यावर मोजणी. तक्त्यातल्या आकड्याला जो पोचेल त्याला शाल, नारळ आणि वर एकशे एक रुपये.

वखारीत तंबाखू चाळायला साठेक बायका होत्या. त्यांतल्या एकीचंही वजन त्या तक्त्याच्या आसपास पोचलं नसतं. तानीबाई वीस वर्षं चाळणीवर बसत होती, आणि तिच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "मालक, वाढवायचं बक्षीस कवा लावतासा? आमी समद्या नाव घालतो."

बायका हसल्या. मालकही हसले, कारण माणूस वाईट नव्हता. बक्षीस मात्र त्यांनी लावलं नाही.

शेवटी नावं निघाली तीन. ट्रक चालवणारा नागोजी, मुकादम भावकू, आणि दिवाणजी सत्याप्पा. नागोजीनं दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं, की ढाब्यावर बसून काकडी मागितली तर लोक ट्रकमध्ये काय माल आहे ते तपासतील. भावकूनं महिनाभर काढला, चार किलो उतरवले, वीस रुपये घेतले आणि त्याच पैशांचं मटण आणलं. उरला सत्याप्पा.

सत्याप्पा मूळचा बेळगावपलीकडच्या गुंजीचा. थोरल्या मालकांच्या वेळेला, मिसरूड फुटायच्या सुमाराला निपाणीत आला आणि वखारीच्या गादीशेजारी मांडी घालून बसला तो बसलाच. आता चौपन्नाचा होता. बायको सोनुबाई चार वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी जया पिरनवाडीत दिलेली, जावई भला, पण दोन खोल्यांत नऊ माणसं. सत्याप्पा गणपतीला जायचा, सोप्यावर झोपायचा आणि सकाळच्या पहिल्या एस्टीनं माघारी यायचा. कुणी जा म्हणत नसे. ऱ्हावा म्हणायलाही जागा नव्हती.

त्याचं पोट खाण्याच्या हौसेनं सुटलं होतं असं कुणी म्हणेल, तर त्यानं राजाबाईची खानावळ पाहिलेली नाही. राजाबाई ताटात दोन भाकऱ्या टाकायची, आमटी ओतायची आणि पुढच्या ताटाकडं वळायची. दोन भाकऱ्यांत जेवण आटपणाऱ्याशी ती अवाक्षर बोलत नसे. वेळही नसे बिचारीला. पण तिसरी भाकरी मागितली की म्हणायची, "गरम देऊ का?" चौथीला म्हणायची, "आज आमटी बरी झालीया न्हवं?" आणि भातावर आलं की कधी कधी टेकून उभी राहायची आणि नळाला पाणी आलं नाही ते सांगायची. सत्याप्पा हिशेबाचा माणूस. सोनुबाई गेल्यावर पहिल्या वर्षातच त्याच्या ध्यानात आलं होतं, की पोट भरल्यानंतर खाल्लेल्या प्रत्येक घासामागं दोन शब्द पडतात. त्या भावानं चार वर्षं खरेदी चालली होती. माल पोटावर साठला होता.

पहिल्या शनिवारी तो काट्यावर उभा राहिला. एरवी तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात बांधलेले गठ्ठे, जोखणारा हमाल भरमू याला माणूस जोखायची सवय नव्हती. त्यानं सवयीनं सत्याप्पाला दोन्ही खांद्यांना धरून फळीवर मधोमध सरकवलं आणि आकडा ओरडला, "ब्याण्णव!" मालकांनी समोरची खुर्ची दाखवली. थोरल्या मालकांपासून आजवर सत्याप्पा या घराण्यापुढं खुर्चीवर बसला नव्हता. मालकांनी लिंबू-मधाचं पाणी मागवलं आणि आश्रमातल्या डॉक्टरनं त्यांना जे विचारलं होतं तेच ओळीनं विचारायला घेतलं. सकाळी काय खाता? किती वाजता? चालणं होतं का? पोट साफ होतं का? आणि मग सहज, चष्मा पुसत,

"रात्री झोप लागते का, दिवाणजी?"

सत्याप्पानं पेला खाली ठेवला. प्रश्न अवघड नव्हता. चार वर्षांत कुणी विचारला नव्हता, एवढंच. तो म्हणाला, "लागती की. पहाटंला जाग येती." मालक म्हणाले, जाग आली की पडून राहू नका, उठून चाला, आणि काय काय दिसलं ते मला येत्या शनिवारी सांगा. आश्रमात त्यांनाही तसंच सांगायला लावत होते.

त्या आठवड्यात सत्याप्पानं राजाबाईची तिसरी भाकरी सोडली.

त्यापुढचे पाच-सहा महिने त्याच्या आयुष्यात सोनुबाईनंतरचे सगळ्यात भरलेले गेले. पहाटे उठायचा, चिकोडीच्या रस्त्यानं लांब जाऊन यायचा, आणि जाता-येता शनिवारसाठी काहीबाही गोळा करायचा. एका सकाळी बांधावर मुंगूस दिसलं. एका सकाळी नव्या नवरा-नवरीला घेऊन जाणारी बैलगाडी रस्त्यात अडली होती आणि नवरी खाली उतरून चाकाला खांदा देत होती. असलं काही दिसलं की तो दिवसभर ते मनात घोळवायचा, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं ते ठरवायचा. शनिवारी भरमू आकडा ओरडायचा, मालक पाकिटातून नोट काढायचे, सत्याप्पा ती न बघता खिशात कोंबायचा आणि खुर्चीवर बसायचा. मालक ऐकायचे. त्यांच्या घरात त्यांच्या काकडीला कुणी विचारत नव्हतं, मुलं तोंडावर हसायची, त्यामुळे त्यांनाही हा एकच चेला होता. ते मध्येच बोट उचलून सांगायचे, "पोटात अजून जागा असतानाच साकु म्हणायचं. भरल्यावर साकु म्हणणारा उशिरा म्हणतोय." कानडीतलं हे 'पुरे' सत्याप्पाला एकट्यालाही म्हणता येऊ लागलं. राजाबाईच्या ताटावर हात आडवा धरून तो म्हणायचा, साकु. राजाबाई एकदा म्हणाली, "बरं," आणि पुढं गेली.

वजन उतरत गेलं. लोकांनी एकेकदा विचारून घेतलं, साखर झाली का म्हणून, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. बेळगावहून व्यापारी आले की मालक सत्याप्पाला हाक मारायचे आणि जुना ढगळ सदरा धरून दाखवायचे, हे बघा, इथपर्यंत होते. सत्याप्पाला आपण विकाऊ नमुन्यासारखे उभे आहोत असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सदरा धरणारा हात त्याला आवडायचा.

नवरात्रात भरमू ओरडला, "अडुसष्ट!" तक्ता संपला. दसऱ्याला शाल आली, नारळ आला, एकशे एक रुपये आले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुमचं खातं बंद झालं, दिवाणजी. आता मोकळे."

पुढच्या शनिवारी पगार वाटून झाल्यावर सत्याप्पा बसून राहिला. दऊत झाकली, उघडली, परत झाकली. मालक निघता निघता थांबले, काही राहिलं का म्हणून विचारलं. न्हाय म्हणाला. ते गेले. भरमूनं काट्यावर गोणपाट टाकलं. त्या सकाळी रस्त्यावर एक वेडा माणूस मैलाच्या दगडाला नमस्कार करून पुढच्या गावाची वाट विचारत होता, आणि ते सांगायचं तसंच राहून गेलं.

खानावळीत गेला तर राजाबाईनं दोन भाकऱ्या टाकल्या आणि पाठ फिरवली. त्याच्या जुन्या जागेवर आता एक तरणा एस्टी कंडक्टर बसायचा. पाचवी भाकरी मागायचा आणि तिला हसवायचा. सत्याप्पानं हिशेब मांडला. इकडचं खातं त्यानं स्वतः मिटवलं होतं, तिकडचं मालकांनी मिटवलं, आणि दोन्हीकडून शिल्लक शून्य.

म्हणून तो परत खाऊ लागला. चवीनं नाही, नेमानं. रविवारी मटणाची थाळी, बाजारच्या दिवशी भजी, रात्री शेंगा आणि गूळ. मार्गशीर्ष संपता संपता तो मालकांपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, चुकलं मालक, वाढलं परत, नाव घाला. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून खूश झाले. चेला परत आला होता. भरमूनं गोणपाट काढलं, लिंबू-मधाचं पाणी आलं, आणि मालकांनी विचारलं, "झोप?"

सत्याप्पा तीन आठवडे उतरला, दोन आठवडे चढला, परत उतरला. मालकांच्या योजनेत उतरण्याला पैसे होते, चढण्याला दंड नव्हता. एवढी मोठी चूक कुठल्याही दिवाणजीच्या पहिल्या दिवशीच लक्षात यावी, आणि त्याच्याही आली होती. पण त्याच्या डोळ्यांपुढं पैसे नव्हतेच. मालकांच्या नोटांनीच तो मटण खायचा, म्हणजे मालकांच्या पैशानं वाढायचा आणि मालकांपुढंच उतरायचा. हातात काही उरत नसे. एक शनिवार तेवढा उरायचा. एवढ्या आवडीनं कुठलं वजन त्यानं आयुष्यात सांभाळलं नव्हतं. तक्त्याला पुन्हा पोचायचं नाही आणि मालकांनी कंटाळून सोडून द्यावं इतकंही वाढायचं नाही, या दोन रेघांच्या मध्ये तो चालत होता.

माघात नव्या तंबाखूची खरेदी सुरू झाली. वखारीचं अंगण गाड्यांनी भरलं. शनिवार होता. एका शेतकऱ्याचा बोद काट्यावर चढला आणि भरमूला वजन आवडलं नाही. त्यानं बोदाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि ओला तळवा बाहेर काढून मालकांना दाखवला. रात्री पाणी मारलेलं. वाळला पाला पाणी पितो, काट्यावर जड होतो, आणि आठ दिवसांनी वखारीत हलका पडतो. निपाणीत याच्याएवढा जुना धंदा दुसरा नाही, आणि याच्याएवढा लाजिरवाणाही. शेतकरी खाली बघत उभा राहिला. मालक त्याला बोलून बोलून दमले, आणि तेवढ्यात भावकू मुकादम, ज्याला स्वतःचे वीस रुपये कधीच विसरता आले नव्हते, हळूच म्हणाला, की मालक, पाणी मारलेला माल बाहेरनंच येतो असं न्हाय. आपले दिवाणजी दर रविवारी मटणाच्या थाळीवर थाळी हाणतात, मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय. रविवारी भरायचं, शनिवारपर्यंत गाळायचं, आणि किलोमागं पाच रुपये.

मालकांनी सत्याप्पाकडं पाहिलं. व्यापाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटायला वेळ लागत नाही. ओला तळवा अजून समोर होता.

"खरं हाय का हे, दिवाणजी?"

"व्हय."

"मुद्दाम वाढवलं?"

"व्हय, मालक."

"कशासाठी? पगार पुरत नव्हता तर सांगायचं. मी कधी न्हाय म्हटलंय?" मालकांचा आवाज रागापेक्षा दुखावल्याचा होता, आणि सत्याप्पाला तेच जड गेलं. "मी तुम्हाला समोर बसवून एवढं विचारत होतो. तुम्ही मला एवढं सांगत होता. ते सगळं पाच रुपयांसाठी?"

आता बोलायची वेळ होती. सत्याप्पा म्हणाला, "मालक, शनिवारी..." आणि थांबला. गाड्यांवरून शेतकरी बघत होते. चाळण्या थांबवून बायका बघत होत्या. भरमू तळवा धोतराला पुसत बघत होता. चौपन्न वर्षांच्या, मिशा पिकलेल्या माणसानं एवढ्या अंगणात उभं राहून सांगायचं, की मला कुणी झोप लागली का म्हणून विचारत नव्हतं! लोक वर्षभर पोट धरून हसले असते. चोर म्हणून माणूस निपाणीत राहू शकतो. असा राहू शकत नाही.

"शनिवारी काय?"

"शनिवारी पैसं हातात पडायचं," सत्याप्पा म्हणाला. "मोह झाला."

मालकांनी मान हलवली. त्यांना समजलं. समजणं सोपं होतं. ते म्हणाले की पैसे मी मागत नाही, तुमची नोकरीही जात नाही, वडिलांच्या वेळचे आहात. पण काटा आता तंबाखूलाच. आणि ते गाडीकडं वळले.

संध्याकाळी पगार वाटून झाला. बायका गेल्या. तानीबाई राहिली, कारण शनिवारी अंगण झाडायचं काम तिचं. झाडू टेकवून ती पगार वाटायच्या फळीपाशी येऊन उभी राहिली.

"दिवाणजी, एक इचारू?"

"इचार."

"दर शनिवारी मी हितंच झाडत असतो. तुमी ती नोट कदी मोजली न्हाईसा. बघितलीबी न्हाईसा." इकडच्या बायका बोलताना स्वतःला 'असतो'च म्हणतात, सत्याप्पाची सोनुबाईही म्हणायची. "बोलणं मातर तुमचं सरता सरत नव्हतं. ती चाकाला खांदा लावणारी नवरी मी भिताडाआडनं ऐकलीया. झाडू थांबवून."

सत्याप्पानं दऊत झाकली. "पैशासाठीच गं. सांगितलं की मगाशी समद्यांपुढं."

"ऐकलं की." ती म्हणाली, "उद्या माझा ल्योक बेळगावासनं येतोय. बँकेत हाय न्हवं त्यो. सूनबाई, पोरं, समदी येत्यात. भात आन् वड्याची आमटी. या जेवायला. पोरं लई बोलत्यात, तुमाला बोलू देतील का न्हाय ते सांगत न्हाय."

सत्याप्पा फळीकडं बघत राहिला. वीस वर्षं तो पगार वाटत होता. इतर बायकांच्या तळहातावर पैसे ठेवायचा. तानीबाईच्या वस्तीतल्या बायकांचे फळीवर ठेवायचा आणि त्या उचलून घ्यायच्या. थोरल्या मालकांच्या वेळेला तसं होतं, म्हणून चालत आलं होतं. ती वस्ती बौद्ध झाली, पोरं शिकली, एक बँकेत लागला, फळी तिथंच राहिली. त्या संध्याकाळीही त्यानं तिचा पगार तिथंच ठेवला होता. आपला हात असा दोन प्रकारचा आहे हे त्याला आत्ता दिसलं, आणि तिला ते वीस वर्षं दिसत आलं असणार हेही दिसलं. तरी ती जेवायला या म्हणत होती.

"बघू," तो म्हणाला.

"बघा," तानीबाई म्हणाली आणि झाडायला लागली.

रविवारी त्यानं दाढी केली. धुतलेला सदरा घातला. नाक्यावर नातवंडांसाठी बिस्किटाचे दोन पुडे घेतले. मटणाच्या दुकानावरून गेला, थांबला नाही. राजाबाईच्या खानावळीवरून गेला. तिथं कंडक्टर दारात हात धूत होता. उतारानं खाली, ओढ्याच्या पुलावरून पलीकडं, जिथं तो निपाणीत इतकी वर्षं काढून कधी गेला नव्हता, तिथपर्यंत गेला.

वस्तीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. तिथून तानीबाईचं घर दिसत होतं. नव्यानं कौलं घातलेलं, दारात बेळगावच्या पोरांच्या चपलांची रांग. आत रेडिओ चालू होता आणि त्याच्यावर एक पोरगं ओरडून काहीतरी सांगत होतं, दुसरं त्याला खोटं पाडत होतं, आणि कुणीतरी बाई दोघांना गप्प बसवत होती. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. सत्याप्पा टपरीच्या सावलीत उभा राहिला. नुसता आवाज ऐकायचा, मग जायचं, असं त्यानं ठरवलं. मग जरा वेळानं जायचं. मग पोरांचं भांडण मिटल्यावर.

तानीबाई दारात आली, हात कपाळाशी धरून उताराकडं बघितलं, आत गेली.

टपरीवाला चुना लावता लावता त्याच्याकडं बघत होता. धुतलेला सदरा, हातात बिस्किटं, आणि वखारीतला दिवाणजी, या वस्तीच्या तोंडाशी. त्याला नवल वाटलं असणार. त्यानं चांगल्या मनानंच विचारलं,

"काय दिवाणजी, हिकडं कुणाकडं आलतासा?"

सत्याप्पानं बिस्किटांचे पुडे काखेत घेतले.

"कुणाकडं न्हाय," तो म्हणाला आणि पुलाकडं वळला.